वंशभेद पिढ्यानपिढ्या कसा उतरत जातो, हे दाखवणारी आफ्रिकी वंशाच्या लेखकाची एखादी कादंबरी सुचवाल का?

एकच सांगायची तर याआ जेसी यांची ‘होमगोइंग’ (२०१६). लेखिका जन्माने घानाची, वाढली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात.

अठराव्या शतकात घानाच्या किनाऱ्यावर एकाच आईच्या दोन मुली, बाप वेगळे. एक केप कोस्टच्या किल्ल्यात इंग्रज अधिकाऱ्याची बायको होऊन वरच्या मजल्यावर राहते, दुसरी त्याच किल्ल्याच्या तळघरात गुलाम म्हणून कोंडलेली. पुढे सात पिढ्या, दर प्रकरणाला नवा माणूस.

मला त्यातला ‘एच’ विसरता येत नाही. तळघरातल्या बहिणीचा नातू कोजो, अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये जहाजांच्या फटी बुजवणारा, आणि त्याची बायको अ‍ॅना मुलांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवतात. ॲग्नेस, ब्यूला, केटो... सात झाली. आठवं पोटात, म्हणून तूर्तास नुसतं ‘एच’. तेवढ्यात पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा १८५० चा कायदा येतो, आणि गरोदर अ‍ॅना एक दिवस घरी परततच नाही. पुढच्या प्रकरणात तिचा मुलगा भेटतो तो एवढा थोरला गडी, पण नाव अजून ‘एच’च. त्या अक्षरामागे काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. वंशभेदावरची भाषणं वाचून माझ्या पोटात असं कधी तुटलं नव्हतं.

गुलामगिरी तोवर कायद्याने गेलेली. पण अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची मजुरी चालेल, अशी फट राहिली होती. गोऱ्या बाईकडे बघितलं म्हणून एचला पकडतात आणि थेट कोळशाच्या खाणीत धाडतात. कैदी असे भाड्याने देणं अलाबामात १९२८ पर्यंत चालू होतं. (जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. एचची खाण त्यानंतरची, हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.)

पुढे एचची मुलगी न्यूयॉर्कच्या हार्लेमला, नातू हेरॉइनच्या नादी, पणतू स्टॅनफर्ड विद्यापीठात. शेवट मला जरा जुळवून आणल्यासारखा वाटला. माणसं भराभर बदलतात, जीव जडतो न जडतो तोच प्रकरण संपतं; काहींना याचा वैताग येतो. सुरुवातीला वंशावळ छापलीय, तिथे खुणेचा कागद घालून ठेवा. मी दर प्रकरणाला मागे जात होतो.