जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगला कंपनीचेच पार्ट घालावेत की बाजारातले चालतील?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००६ सालची टाटा ७०९ आहे, पॉवर स्टिअरिंगची. चिरे (बांधकामाचे जांभा दगड) वाहता, भरलेली गाडी चोर्ला घाट उतरताना सरळ धरवत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो पुढचं सगळं बदलून टाका. कंपनीच्या पार्टांचा आकडा ऐकून तुम्ही बाजारातल्या सेटचा विचार करताय. माझं मत असं की सगळं कंपनीचं घ्यायची गरज नाही, पण प्रत्येक पार्टचा निर्णय वेगळा घ्या, आणि डबा कोणाचा यापेक्षा माल बनवला कोणी ते बघा. आमच्या घरात गोव्यातल्या खाणीच्या काळापासून ट्रक आहेत, डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर चालतात. दरवर्षी पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, आधी हाच प्रश्न आमच्याकडेही निघतो.

पण खरेदीच्या आधी, "सगळं बदला" याला लगेच हो म्हणू नका. नेमकं काय झिजलंय ते तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, इंजिन चालू. एकाने कॅबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक बॉल जॉइंटवर (दांड्या जोडणाऱ्या गोळीच्या सांध्यावर) तळहात ठेवायचा. जॉइंट ढिला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी हाताला "टक" लागते. स्टिअरिंग फिरतंय पण ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणारा दांडा) जागचा हलत नाही, तर दोष वर आहे, बॉक्समध्ये किंवा कॉलमच्या क्रॉसमध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्यात. मग इंजिन बंद करून अ‍ॅक्सलखाली जॅक आणि स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) आणि तिचे बुश गेले. याच वेळी पुढच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश आणि यू-बोल्टही बघून घ्या. पाटा सैल असेल तर अ‍ॅक्सलच इकडेतिकडे सरकतो, गाडी तशीच भरकटते, आणि माणूस विनाकारण स्टिअरिंगवर पैसे घालत बसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ इथे कामाचा आहे. स्टिअरिंगच्या चाकावरचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, लिंकेजच्या (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांच्या) सगळ्या बॉल जॉइंटांना रबरी टोपी असावी, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. तुमची गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. पण मी पासिंगपुरतं बघायला सांगत नाही. ती रबरी टोपी फाटली की आपल्याकडची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर आत जाते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. आमच्या गॅरेजवाल्याने एक निनावी स्वस्त टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा बॉल जॉइंट) ग्राइंडरने उभा कापून दाखवला होता. आत ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा लगदा, बॉलवर आडवे ओरखडे, आणि बॉल बसायची प्लास्टिकची वाटी एका बाजूने कागदाइतकी पातळ झालेली. बाहेरून तो जॉइंट अजून बरा दिसत होता.

आता पार्ट. ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी), तिचे दोन्ही बॉल एंड, टाय रॉड एंड आणि ड्रॉप आर्म, यांत तडजोड नाही. ड्रॅग लिंकचा जॉइंट निसटला तर स्टिअरिंग आणि चाकांचं नातं तिथेच तुटतं. टाय रॉडचा निसटला तर एक चाक आपल्या मनाने वळतं. घाटात दोन्हीचा अर्थ एकच. हे पार्ट कंपनीच्या काउंटरवरून घ्या, नाहीतर जे कारखाने गाडी बनवणाऱ्यांना हाच माल देतात त्यांच्या स्वतःच्या डब्यातले घ्या. चेन्नईची राणे मद्रास स्टिअरिंग गिअर आणि लिंकेज बनवते, पुण्याची झेडएफ स्टिअरिंग गिअर पॉवर स्टिअरिंग बनवते. अशा कंपन्यांचा माल बाजारातही त्यांच्याच नावाने मिळतो आणि टाटाच्या डब्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. एवढ्या जुन्या गाडीचा एखादा पार्ट कंपनीकडे ऑर्डर टाकून यायला वेळ लागतो, तेव्हा तर हाच सरळ मार्ग.

बाजारातला पार्ट आणि डुप्लिकेट पार्ट यांत मात्र गल्लत करू नका. स्वतःचं नाव, पत्ता, पार्ट नंबर, एमआरपी आणि महिना-वर्ष छापून विकणारा कारखाना आपल्या मालाला जबाबदार असतो. डुप्लिकेटवाला दुसऱ्याचा डबा छापतो आणि आत काय घालतो ते कोणालाच माहीत नसतं. माझ्या लेखी सगळ्यात धोक्याचा माल हाच, निनावी स्वस्त पार्टापेक्षाही, कारण तो आपण पूर्ण पैसे मोजून विश्वासाने घालतो. म्हणून दुकान म्हापशातलं असो, फोंड्यातलं असो की बेळगावचं, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय "ओरिजिनलच आहे, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून निदान स्टिअरिंगचं सामान घेऊ नका.

जाताना चेसिस नंबर आणि जुना काढलेला पार्ट दोन्ही न्या. एकाच मॉडेलमध्ये साल आणि स्टिअरिंगच्या प्रकाराप्रमाणे पार्ट बदलतात. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतात, तेव्हा एंड घेताना आरएच आणि एलएच बघून जोडी घ्या. मग टेपर, म्हणजे निमुळतेपणाचं माप. बॉल जॉइंटचा नवा स्टड (आट्यांची पिन) आर्मच्या भोकात हाताने दाबून बसवा, तो डुलता कामा नये. नट घट्ट केल्यावर स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांमध्ये दिसायला हवं. भोक नटाच्या वर राहिलं किंवा पार आत गेलं, तर टेपर जुळलेला नाही, पार्ट परत करा. वॉशर घालून जमवून घेतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

किंगपिनचं थोडं वेगळं आहे. इथे नावाजलेल्या आफ्टरमार्केट कंपनीचा किट बिनदिक्कत घ्या, पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम सगळं त्यात येतं. निकाल लागतो तो लेथवर. बुश दाबून बसवल्यावर रीमर (भोक मापाला आणायचं हत्यार) मारून पिनच्या मापाला आणावे लागतात, आणि बुशचं ग्रीसचं भोक ग्रीस मारायच्या निप्पलसमोर यावं लागतं. ते चुकलं तर कितीही ग्रीस मारा, आत जात नाही आणि एका पावसाळ्यात किट संपतो. अ‍ॅक्सलचं भोकच मोठं झालं असेल तर नवी पिनही त्यात हलणार, ते माप किट घ्यायच्या आधी तपासा. चांगला लेथवाला माहीत असेल तर किटवर वाचलेले पैसे त्याला द्या.

स्टिअरिंग बॉक्स नवा घ्यायला मी सांगणार नाही, निदान आधी. गळत असेल तर आपलाच बॉक्स उघडून त्याच बनावटीचा सील किट घाला, आणि पॉवर स्टिअरिंगचं काम रोज करणाऱ्याकडेच द्या. गळत नाही पण प्ले आहे, तर बरेच मेकॅनिक वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पिळून मोकळे होतात. थोडा घट्ट करणं ठीक आहे. पण आतले दात मधोमध जास्त झिजलेले असतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू पिळला तर वळणावर बॉक्स आवळतो आणि स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. घाटातल्या वळणावर ते प्लेपेक्षा वाईट. पंपाचे होज आणि त्यातलं तेल यांतही काटकसर नको. पंपाच्या तेलाच्या टाकीवर सांगितलंय तेच तेल घाला.

तुम्ही भंगारातल्या पार्टांचंही विचारलंय. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि कितीतरी टिपर दारात उभे राहून गंजले. त्यांचं सामान अजून हातोहात फिरतं. बॉक्सची बॉडी, ब्रॅकेट, कॉलमचं कव्हर असलं तिथून घेतलंत तर हरकत नाही. बॉल जॉइंट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक कधीच नाही, कितीही चकचकीत असो. ती गाडी कुठे आपटली होती, आर्म गरम करून सरळ केलाय का, हे बघून कळत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीचा आर्म वाकला तरी तापवून ठोकून घेऊ नका, फेकून द्या.

बसवताना उभे राहा. नटाची खाच भोकासमोर आली नाही तर नट अजून पुढे आवळायचा, सैल करून जुळवायचा नाही. स्प्लिट पिन नवी घालायची, जुनी सरळ करून नाही, तिच्या जागी तारेचा तुकडा तर नाहीच. काम झाल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) मापून घ्या, नाहीतर नवे टायर महिन्याभरात एका कडेने खातील. पहिले काही दिवस चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा बघा, आणि पहिली घाटाची खेप रिकाम्या गाडीने करा. ग्रीस मारताना पुढचा भाग जॅकवर उचला म्हणजे थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचतं, आणि पावसाळ्यात जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहा.

तुमच्या बॉक्सवर छोटी धातूची प्लेट असेल, तिच्यावर चढलेला चिखल पुसून बनावट आणि नंबर वाचा आणि इथे लिहा. टाय रॉड एंडचा जुना पार्ट नंबर वाचता आला तर तोही द्या, म्हणजे नेमका कुठला किट मागायचा ते सांगता येईल.