पिरॅमिड कोणी, कसे आणि कशासाठी उभारले? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पिरॅमिड गुलामांना चाबकाखाली राबवून बांधले, असे शाळेत ऐकले होते. हे खरे आहे का?

या समजाला पुराव्याचा आधार नाही. एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांनी वीस वर्षे राबली, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिले खरे. पण तो इजिप्तमध्ये गेला तेव्हा गिझा येथील राजा खुफूचा सर्वांत मोठा पिरॅमिड उभा राहून दोन हजार वर्षे लोटली होती. 1990 पासून गिझाच्या पठारावर या कामगारांच्याच कबरी सापडू लागल्या. राजाच्या पिरॅमिडजवळ दफनाची जागा आणि सोबत भाकरी व बिअरची भांडी, हा मान गुलामांना मिळाला नसता. या कामगारांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत, मात्र मोडलेली कित्येक हाडे नीट जुळून आलेलीही दिसतात, म्हणजे उपचार होत होते. जवळच्या वस्तीत भाकरीच्या भट्ट्या आणि गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांचे ढीग मिळाले आहेत.

तरीही हे सारे जण राजावरील भक्तीपोटी आनंदाने आले, असे अलीकडे जे रंगवले जाते तेही मला पटत नाही. कुशल पाथरवट आणि गवंडी कायम कामावर असत. बाकीचे बहुसंख्य लोक गावोगावच्या शेतकऱ्यांमधून पाळीने बोलावले जात आणि त्या बोलावण्याला नकार देणे सोपे नसणार. वेठीच्या जवळ जाणारीच ती व्यवस्था होती, फक्त तिच्यात पोटाची सोय चोख होती.

प्रश्न : खुफूच्या पिरॅमिडचे सुमारे 23 लाख दगड एका राजाच्या कारकिर्दीत रचणे शक्य तरी आहे का?

हिशेब करून पाहू. खुफूने सुमारे 26 वर्षे राज्य केले असे धरले, तर दिवसाला साधारण 240 दगड, म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर अडीच मिनिटांना एक दगड बसवावा लागतो. ही गती अशक्य वाटते, कारण सगळे दगड एकाच वाटेने 146 मीटर उंच चढवले अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पिरॅमिड वर निमुळता होत जातो, त्यामुळे तळाकडच्या एक तृतीयांश उंचीतच जवळजवळ 70 टक्के दगड संपतात आणि तेथे अनेक बाजूंनी अनेक तुकड्या एकाच वेळी काम करू शकतात. शिवाय आतला बहुतेक चुनखडीचा दगड पिरॅमिडच्या दक्षिणेला लागूनच असलेल्या खाणीतून काढलेला आहे.

सरासरी अडीच टनांचा असा दगड लाकडी घसरगाडीवर ठेवून दोरखंडांनी ओढत. जेहुतीहोतेप या नंतरच्या काळातील अधिकाऱ्याच्या थडग्यात एक प्रचंड पुतळा ओढून नेण्याचे चित्र आहे आणि त्यात घसरगाडीच्या पुढे उभा राहून एक माणूस वाळूवर पाणी ओततो आहे. वाळू योग्य प्रमाणात भिजवली तर ओढण्यास लागणारे बळ जवळपास निम्म्यावर येते, असे अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रयोगाने दाखवले. वरच्या थरांसाठी माती-दगडांच्या भरावाचे चढाव होते. ते सरळ होते की पिरॅमिडभोवती वळत जाणारे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

प्रश्न : बांधकामाचा त्या काळातला लेखी पुरावा आहे का?

आहे, आणि माझ्या मते कोणत्याही चढावाच्या सिद्धान्तापेक्षा तो अधिक बोलका आहे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे, खुफूच्या काळातील बंदराच्या अवशेषांत, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला 2013 मध्ये पॅपिरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले याहून जुने पॅपिरस आजवर सापडलेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या, सुमारे चाळीस जणांच्या तुकडीवरील मुकादमाची रोजनिशी आहे. नाईलच्या पूर्वेकडील तुरा येथील खाणीतून शुभ्र चुनखडी नावेत भरायची, पुराचे पाणी आणि कालवे यांच्या आधाराने गिझाला पोहोचवायची आणि रिकामी नाव घेऊन परतायचे, असा त्याचा क्रम होता. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. हा दगड बाहेरच्या गुळगुळीत आवरणाचा. देखरेखीवरील अधिकारी म्हणून खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नाव येते. सोबतच्या कागदांत धान्य किती यायचे आणि किती मिळाले याचे तक्तेही आहेत.

मुकादम समुद्राकाठी कसा पोहोचला, हेही समजून घ्यावे. त्या बंदरातून सिनाईकडे जाता येई, आणि छिन्न्यांना लागणारे तांबे तेथे मिळे. खुफूच्या पिरॅमिडमधील राजाच्या दफन-दालनावरील ग्रॅनाइटच्या तुळया मात्र सुमारे 800 किलोमीटर दक्षिणेच्या अस्वानहून आल्या. त्यांतील काहींचे वजन 50 टनांहूनही अधिक आहे. धान्य, तांबे, नावा आणि माणसे वेळेवर एकत्र आणणारे प्रशासन नसते, तर उत्तमोत्तम चढावही रिकामे राहिले असते.

प्रश्न : हे परग्रहवासीयांचे काम नव्हे कशावरून?

चुका दिसतात यावरून. खुफूच्या आधीचा राजा जोसेर याच्यासाठी त्याचा वास्तुरचनाकार इम्होतेप याने सक्कारा येथे एकावर एक सहा टप्पे रचले. पुढे राजा स्नेफरूच्या दाहशूर येथील पिरॅमिडचा उतार सुमारे 54 अंशांनी सुरू झाला आणि मध्येच तो 43 अंशांवर आणावा लागला, म्हणून तो वाकलेला दिसतो. त्यानंतरचा लाल पिरॅमिड कमी उताराचाच बांधला गेला. खुफू हा स्नेफरूचा मुलगा, म्हणजे त्याचा पिरॅमिड या चुकांतून शिकूनच उभा राहिला.

प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी, आणि नंतर तो थांबला का?

पिरॅमिड हे राजाचे थडगे आणि त्याला सूर्यदेवाकडे नेणारे साधन होते. गिझाच्या पिरॅमिडांत धार्मिक मजकूर नाही. तो प्रथम इ.स.पू. 2350च्या सुमारास राजा उनासच्या पिरॅमिडमधील भिंतींवर कोरलेला आढळतो आणि त्यात राजाच्या आकाशगमनाचेच मंत्र आहेत. पुढे आकार घटला, आतला गाभा कच्च्या विटांचा होऊ लागला, आणि दुरून दिसणारे थडगे चोरांनाही दिसते हे उघड झाले. राजा अहमोसनंतर इजिप्तच्या राजांनी पिरॅमिड सोडून डोंगरात खोदलेल्या गुप्त थडग्यांचा मार्ग धरला. गंमत अशी, की ती थडगी खोदणारे देर अल-मदिना येथील कारागीर स्वतःच्या कबरींवर मात्र विटांचे छोटे पिरॅमिड बांधत राहिले.