'ईस्टएंडर्स'मधलं वॉलफर्ड लंडनमध्ये खरंच आहे का? मुलीकडे चाललोय, बघून येता येईल का?

नाही, वॉलफर्ड नकाशावर सापडणार नाही. बीबीसीवर १९८५ पासून चालू असलेल्या या मालिकेसाठी पूर्व लंडनमध्ये कल्पलेला तो भाग आहे. ज्या अल्बर्ट स्क्वेअरमध्ये सगळी भांडणं होतात, तो हॅकनीतल्या फॅसेट स्क्वेअरवरून बेतला. शूटिंग मात्र शहराबाहेर, हर्टफर्डशायरमधल्या बोरहॅमवुडच्या एल्स्ट्री स्टुडिओत होतं. २०२२ मध्ये तिथे नवा सेट आला.

मला सगळ्यात आवडतो तो स्टेशनचा प्रकार. मालिकेत 'वॉलफर्ड ईस्ट' दिसतं ते मेट्रोच्या नकाशात ब्रॉम्ली-बाय-बो काढून त्या जागी बसवलेलं. म्हणजे उद्या एखाद्या मराठी मालिकेने ठाणे आणि मुंब्र्याच्या मधलं कळवा उडवून तिथे स्वतःचं स्टेशन घातल्यासारखं! पिनकोडची गंमत वेगळीच. 'ई२०' हा मालिकेने बनवलेला कोड होता, २०११ मध्ये तोच खरोखर ऑलिम्पिक पार्कला दिला गेला. तेव्हा 'ई२०'ला जायचंच असेल तर स्ट्रॅटफर्ड गाठा, पण अल्बर्ट स्क्वेअर तिथे नाही.

सेट आतून बघता येणार नाही, पण त्याबद्दल फार हळहळू नका. आपल्या घोडबंदर रोडला मालिकांचे बंगले बघितलेत ना? बाहेर जनरेटरची व्हॅन, फाटकावर दुसऱ्याच आडनावाची पाटी आणि वॉचमन आत सोडत नाही. तिकडेही बाहेरून घरं दिसतात, आतल्या खोल्यांचं शूटिंग स्टुडिओत वेगळं होतं.

फॅसेट स्क्वेअर मात्र जरूर बघा. लोक राहतात तिथे, म्हणून फोटो जरा बेतानेच काढा.