नवं बोधचिन्ह हवं, की जुनंच नीट हवं?

प्रश्न : मी आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाची यंदाची सचिव आहे. बोधचिन्हात पान आणि पक्षी आहे. पण प्रत्येक पोस्टरवर हिरवा वेगळा, अक्षरं वेगळी. टी-शर्टवर तर पक्षी दिसतच नाही. नवं बोधचिन्ह करून घ्यावं का?

उत्तर : इतक्यात नको. विद्यार्थी असताना मी वादसभेची पोस्टरं करायचे. आधीच्या समितीकडून बोधचिन्ह आलं ते जुन्या पोस्टरच्या फोटोत. ते कापून घेतलं तर कडा फाटल्या, म्हणून अंदाजाने पुन्हा काढलं. पुढच्या वर्षी कुणीतरी माझ्या अंदाजावरून आपला अंदाज काढला. चिन्ह चांगलंच होतं, हातोहाती झिजलं. तुमचंही तेच झालं असावं.

तेव्हा आधी मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी साठवलेलं चित्र, शोधा; एसव्हीजी या प्रकारातली असेल तर उत्तम. ती कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात. सापडली नाही, तर एकदाच नीट काढून घ्या आणि सोबत एकरंगी आवृत्तीही करा. एकाच शाईत छापताना छटांनी रंगवलेला पक्षी बुजतो. काळ्या रंगात, नखाएवढा छापून पाहा. ओळखू येईना तर पिसं कमी करा. एवढा बदल मला मान्य आहे.

हिरव्याचा घोळ समजण्यासारखा आहे. पडदा प्रकाशातून रंग दाखवतो, छपाई शाईतून. पडद्यावरचा झगझगीत हिरवा नेहमीच्या चार शायांत उतरतच नाही, मंदावतो. म्हणून छापून पाहून जो टिकेल तोच हिरवा निवडा आणि त्याचे हेक्स (पडद्यासाठीचा रंगाचा कोड) व सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं प्रमाण) आकडे लिहून ठेवा. त्यावर पांढरा मजकूर येणार असेल तर दोन्हींतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. अक्षरांसाठी ‘मुक्त’ हा फाँट घ्या : देवनागरी आणि रोमन एकाच घडणीची, परवाना खुला, त्यामुळे पुढच्या समितीलाही विनामूल्य मिळेल.

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी जर्मन डिझायनर ओट्ल आयशर यांच्या चमूने ठरावीक रंग आणि युनिव्हर्स हा एकच फाँट धरला. लाल आणि काळा रंगसंगतीतून वगळले. पोस्टरं निरनिराळी, तरी एका घरची वाटतात. काय वापरायचं नाही, हे ठरवण्याचं धाडस मला त्यात फार मोलाचं वाटतं. तुम्हीही ते करा, नाहीतर दर कार्यक्रमाला एक नवा रंग शिरेल.

महाविद्यालयाचं चिन्ह शेजारी छापायचं असेल तर कार्यालयाला आधी विचारा.

हे सगळं एका पानावर लिहा. पान आणि फाइली मंडळाच्या सामाईक खात्यात ठेवा, कुणाच्या लॅपटॉपवर नकोत. पदभार सोपवताना नव्या सचिवाला तेवढ्यावरून एक पोस्टर तुमच्यादेखत करायला सांगा. जिथे अडेल, तिथली सूचना पानात राहून गेली आहे; ती तेव्हाच लिहा.