अमर, अजरामर की चिरंजीव?

तासगावकडून एक प्रश्न आलाय. गावात वाचनालय उभारणाऱ्या गुरुजींच्या नावाची फरशी दर्शनी भिंतीत बसवायची आहे. एकाचा मजकूर 'स्मृती चिरंजीव राहो', दुसऱ्याचा 'कीर्ती अजरामर राहो', तिसऱ्याला 'अमर रहे'च पाहिजे. बरोबर काय?

'चिर' म्हणजे पुष्कळ काळ, कायमचा नव्हे. 'चिरंजीव' हा जित्या माणसाला दिलेला आशीर्वाद, म्हणून लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी चि. येतं आणि 'तुमचे चिरंजीव काय करतात?' असं आपण विचारतो. गेलेल्या माणसाला कै. लावतात, माळकरी असला तर वै. स्मृतीला चिरंजीव म्हटल्यानं व्याकरण काही मोडत नाही, पण वाचणारा अडखळणार.

'अजरामर'मध्ये अजर आणि अमर असे दोन शब्द आहेत. जरा म्हणजे म्हातारपण ('जरा सरक'मधला जरा वेगळा!). आता नुसतं अमर असणं किती वाईट, हे अश्वत्थाम्याला विचारा. सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव त्याचंच. मरण नाही, पण कपाळावरची जखम भळभळतेय आणि हा दारोदार तेल मागत फिरतोय. ही गोष्ट न ऐकता आपल्याकडे कुणी लहानाचं मोठं झालं असेल असं वाटत नाही. भर्तृहरीनं नीतिशतकात रससिद्ध कवींबद्दल म्हटलंय, 'नास्ति येषां यशःकाये जरामरणजं भयम्'. त्यांच्या यशाच्या देहाला म्हातारपणाचं भय नाही आणि मरणाचंही नाही. तेव्हा अजरामर व्हायची ती कीर्ती. स्मृतीला ते विशेषण मला पटत नाही. स्मृती आठवणाऱ्यापाशी असते, आणि तो काही अमर नाही.

'अमर रहे' हिंदी, मराठीत 'अमर राहो'. पण ती घोषणा आहे. 'चले जाव' चळवळीत 9 सप्टेंबर 1942 ला सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांसाठी ती हजारांच्या तोंडून शोभते. वाचनालयाच्या भिंतीवर कशाला?

'कायम' सांगायची आपली जुनी रीत याहून सावध होती. दानपत्रांत 'आचंद्रार्क' लिहीत, म्हणजे चंद्र आणि अर्क, सूर्य, आहेत तोवर. सातारा-सांगलीकडे देवळांच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड, दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळेल असं हे 'आचंद्रार्क'! फक्त बहुतेकांवर वीराचं नावच नाही. लोक शेंदूर लावून देव म्हणून पुजतात, कोण लढला ते सांगता येत नाही.

सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या रामदासांनी मनाच्या श्लोकांत 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' एवढंच मागितलं. उरावी. बोलण्यातही आपण 'गुरुजी गेले, नाव राहिलं' असंच म्हणतो.

तेव्हा विशेषण हवंच असेल तर 'कीर्ती अजरामर राहो' घ्या, दुसऱ्या गृहस्थांचं बरोबर आहे. माझ्या हातात असतं तर तेही गाळून गुरुजींचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि 'यांनी हे वाचनालय उभारलं' एवढंच कोरून घेतलं असतं. आणि पाथरवटाला मजकूर कागदावर लिहून द्या. 'कीर्ती'त दोन्ही वेलांट्या दीर्घ, तोंडी सांगाल तर 'किर्ती' होऊन येईल.