संडे स्कूलच्या मुलांना बागेतून योहान 15 कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या आवारात अर्धा गुंठा रिकामा आहे, तिथे मुलांकडून बाग करून घ्यायची आहे आणि 'देव संकटं पाठवून आपली छाटणी करतो' हे त्यांना वेलीवर प्रत्यक्ष दाखवायचं आहे. काय लावावं, असा प्रश्न आहे. त्या छाटणीच्या वाक्यामुळेच लिहायला बसले. हे मुलांना शिकवू नका. द्राक्षबागेत असं घडत नाही, आणि वचनातही तसं लिहिलेलं नाही.

योहान 15 मध्ये प्रभू येशू म्हणतो: मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे, माझा बाप माळी. आपल्या मराठी बायबलात फळ देणाऱ्या फाट्याला बाप 'साफसूफ' करतो, असा शब्द आहे आणि तो अगदी चपखल आहे. लगेच पुढच्या, तिसऱ्या वचनात प्रभू म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. मूळ ग्रीकमध्ये ही साफसूफ आणि हे शुद्ध होणं एकाच धातूतले शब्द आहेत. म्हणजे कात्री कोणती, ते तिथेच सांगितलंय: वचन. आजारपण नव्हे, कर्ज नव्हे, घरातलं माणूस जाणं तर मुळीच नव्हे. एका पाळकांशी माझा यावरून जुना वाद आहे. मयताच्या घरी 'देव छाटतो' म्हणणाऱ्याने एक ऑक्टोबर नाशिकच्या बागेत काढावा.

कात्रीच्या आधी काय होतं ते बघा. आपल्याकडे वेलीला पॅलेस्टाइनसारखी हिवाळ्यातली झोप लागत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या. माल उतरला की वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती. त्याच काळात बोदात (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात) चारी घेऊन शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरतात, पाणी देतात. मग एप्रिलची खरड छाटणी: ओलांड्यावर (मांडवावर आडव्या वाढवलेल्या कायमच्या फांदीवर) एक-दोन डोळे, म्हणजे फूट येते त्या कळ्या, ठेवून बाकी काडी काढायची. खत आधी, कात्री नंतर. हा क्रम सहसा कुणी उलटा करत नाही.

खरी गोष्ट घडते त्यानंतर. फुटी आल्या की गर्दीच्या फुटी काढायच्या, सात-आठ पानांवर शेंडा मारायचा, बगलफुटी खुडायच्या, म्हणजे प्रत्येक काडीच्या डोळ्यावर ऊन पडेल. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत त्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या फेब्रुवारीत जो घड क्रेटमध्ये पडणार, तो मे-जूनमध्येच ठरलेला असतो. त्या दिवसांत मांडवावर पानांची गर्दी झाली, ढगाळ हवा राहिली, नत्र आणि पाणी जास्त झालं, तर त्याच जागी घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तणावा, तयार होते. घड आणि बाळी मुळात एकाच गाठीतून निघतात. वेल हिरवीगार दिसते आणि ऑक्टोबरला फुटते तेव्हा नुसत्या बाळ्या. 'माझ्यामध्ये राहा' शिकवायचं असेल तर हे शिकवा. फाट्याचं काम उन्हात आणि वेलीला चिकटून राहण्याचं आहे, आणि साफसूफ त्याला ऊन मिळावं म्हणून आहे.

ऑक्टोबरच्या फळछाटणीतही कच्च्या काडीवर कात्री चालत नाही. काडी आडवी कापून बघतात: आतला गर तपकिरी झाला असेल तर ती पक्व, पांढरट-हिरवा असेल तर थांबायचं. पंधरा दिवस आधी पानगळ करतात, काड्या प्रयोगशाळेत देऊन कितव्या डोळ्यात घड आहे ते तपासून घेतात, मग थॉमसन या द्राक्षाच्या जातीला सहसा सहा ते आठ डोळ्यांवर किंवा सबकेनच्या (शेंडा मारल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या) गाठीपुढे एक-दोन डोळ्यांवर काप घेतात. म्हणजे माळी आधी घड कुठे आहे ते शोधतो आणि त्याच्या पुढे कापतो. कापलेल्या टोकातून पाणी टपकतं, ते मुळाच्या दाबाने येतं. त्याला वेलीचं रडणं म्हणून प्रवचनात घेऊ नका. मुळं जागी असल्याची ती खूण आहे.

सहाव्या वचनातल्या जाळल्या जाणाऱ्या काड्यांबद्दल मुलं विचारतीलच. यहेज्केल 15 वाचून दाखवा: वेलीच्या लाकडाची भांडं टांगायला खुंटीसुद्धा होत नाही. हातात सुकी काडी द्या, मोडून बघू द्या, पुरे.

आणखी एक चूक सर्रास होते. कलम दाखवून रोमकरांस पत्राचा 11 वा अध्याय सांगतात. आपल्या बागेत खाली डॉगरिज जातीचं रानटी मूळ आणि वर गोड जातीची काडी असते. पौल नेमकं उलटं सांगतो: रानटी फांदी चांगल्या जैतुनावर. हे निसर्गाच्या उलट आहे, असं तो स्वतःच म्हणतो आणि कृपा दाखवायलाच म्हणतो. आपलं कलम दाखवायचंच असेल तर जोडाच्या खालून येणारी डॉगरिजची फूट दाखवा. ती वेळीच खुडली नाही तर वरच्या वेलीला मागे टाकते.

आता तुमच्या अर्ध्या गुंठ्याचं. द्राक्ष लावू नका, मुलांच्या हातून फवारणीचं वेळापत्रक सांभाळलं जाणार नाही. अंजीर लावा आणि लूक 13 मधला दाखला घ्या: फळ न देणारं अंजीर मालक तोडायला सांगतो, माळी आणखी एक वर्ष मागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेल्या वर्षीच्या पक्व फांदीचे पेन्सिलएवढ्या जाडीचे, वीतभर तुकडे घ्या, दोन-तृतीयांश मातीत खोचा. मुळं धरली की दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात शेणखत आणि मातीत हलवा. पाणी साचू देऊ नका. 'सभोवती खणून खत घालीन' हे करताना खत खोडाशी टाकू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे वर्तुळात घाला. खाणारी मुळं तिथे असतात. माळ्याने मागितलेलं आणखी एक वर्ष मुलांना कुदळ हातात घेऊन कळेल.

हे सगळं नाशिकच्या हवेतलं आहे, कोकणात छाटणीच्या तारखांचा उपयोग नाही. मुलांना एखाद्या बागेत छाटणी बघायला नेलंत तर पेस्टिंगच्या दिवशी नेऊ नका. डोळे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी असतं. आणि अंजिराचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो कातडीवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून पानं खुडायचं काम संध्याकाळी, पूर्ण बाह्या घालून, आणि नंतर साबणाने हात धुऊन.