आईने विषय काढला आणि तू उठून गेलास

प्रिय मित्रा,

(‘मित्रा’ म्हणण्याइतका तू मोठा झालास. गेल्या महिन्यात बाबांच्या कागदांवर तुझी सही पाहिली तेव्हा लक्षात आलं.)

काल तू बाबांच्या अंत्यविधीच्या बिलाचे फोटो पाठवलेस, तीन पानं. खाली एकच ओळ होती, ‘मॅडम, बाबांसाठी केलं, पण आता हप्ते झेपत नाहीत.’ मग रात्री उशिरा दुसरा मेसेज आला की आई म्हणाली, ‘माझ्या वेळी एवढं करू नकोस’, आणि तू काही न बोलता खोलीतून उठून गेलास. पहिला मेसेज वाचून वाईट वाटलं. दुसरा वाचून राग आला. हे पत्र दुसऱ्या मेसेजसाठी आहे.

आधी बिल. सवयीने पेन्सिल घेऊन वाचलं. प्रत्यक्ष दहनाचा आकडा पहिल्या पानाच्या मध्यावर आहे, आणि तो एकूण बिलाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं. चुलतभाऊ पोचेपर्यंत तीन दिवस शीतपेटी. देह थंडीत असतानाही रसायन भरण्याचे वेगळे पैसे. सजवलेली गाडी. हॉल. फुलं दोनदा. दोन वर्तमानपत्रांत फोटोसकट जाहिरात. ‘समन्वय शुल्क’. आणि तिसऱ्या पानावर शेवटून दुसरी ओळ, ‘इतर’. इतर म्हणजे काय, हे विचारलंस? तीन वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस. कुणाच्याही व्हाउचरवर ‘इतर’ दिसलं की तू ते परत पाठवायचास. इथे मात्र सही केलीस.

तुला टाकून बोलत नाही. मीही हेच केलं होतं.

माझे बाबा गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, नोकरी नवी होती, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे. दारात उभ्या असलेल्या माणसाने हळू आवाजात विचारलं, ‘चांगल्यातलं करायचं ना?’ मी हो म्हणाले. या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. बापाचं वाईटातलं करा असं कोण म्हणेल? त्या एका ‘हो’चं कर्ज फेडायला अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत धाकट्या बहिणीचा कोर्स पुढच्या वर्षावर गेला, मग त्याच्या पुढच्या, आणि मग तो विषयच बंद झाला. ती कधी बोलून दाखवत नाही. मी मात्र अजून मोजते.

तेव्हापासून एकच नियम धरला आहे, आणि तो तुला परत परत ऐकवणार आहे. आकडा आधी, होकार नंतर. कागदावर, ओळीओळीने, प्रत्येक गोष्टीचा वेगळा.

याला तू कंजूषपणा म्हणशील. अरे, या व्यवहाराचा आकार तरी बघ. गिऱ्हाईक रडतंय, रात्रभर जागलेलं आहे, चार ठिकाणी चौकशी करायला त्याला वेळ नाही, आणि उभ्या आयुष्यात ही खरेदी त्याने एकदा-दोनदाच केलेली असते. समोरचा रोज करतो. तो लबाड असेलच असं नाही. मला भेटलेले बरेचसे नव्हते. पण न विचारलेला आकडा वाढत जातो, त्याला लबाडी लागत नाही. आणि हेही लक्षात ठेव की ज्याची सही, पैसे मागायला त्याच्याकडेच येतात. चर्चा दहा नातेवाइकांनी केली, हप्ते तू भरतोयस.

आणि ‘लोक काय म्हणतील’ हे मला सांगू नकोस. ते फार जुनं दुखणं आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीसमधल्या अथेन्समध्ये सोलोन या राज्यकर्त्याला कायदा करून सांगावं लागलं की थडग्यावर बैल कापायचा नाही आणि मृतासोबत तीनहून जास्त वस्त्रं पुरायची नाहीत. रोमच्या बारा फलकांच्या कायद्यात, इ.स.पू. 450 च्या सुमारास, अंत्ययात्रेत बासरीवाले दहाच असावेत असा नियम आहे. त्याहून मला आवडतो तो दुसरा, चितेची लाकडं तासून गुळगुळीत करू नयेत. म्हणजे कुणीतरी करत होतं! काही तासांत राख होणारी लाकडं, शेजाऱ्याच्या चितेपेक्षा बरी दिसावीत म्हणून. तुझ्या बिलातली सजवलेली गाडी वाचताना मला तीच लाकडं आठवली.

त्याच रोमन जगात गरिबांनी काढलेली तोडही होती. लानुव्हियम गावातल्या एका मंडळाचा इ.स. 136 चा शिलालेख सापडला आहे. त्यात गुलामही सभासद होते. प्रवेशाला 100 सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक रांजण, मग दरमहा थोडी वर्गणी. सभासद मेला की त्याच्या अंत्यविधीला 300 सेस्टर्स, त्यातले 50 चितेपाशी आलेल्यांना वाटायचे. बस. आकडा दगडावर कोरलेला. ऐन वेळी ‘चांगल्यातलं करायचं ना’ असं विचारायची सोयच नाही. कोणी त्यांना निष्ठुर म्हणेल, मला तर त्यांचा हेवा वाटतो.

आपल्या काळात सरकारांनाही हे उमगलं. अमेरिकेत 1984 पासून नियम आहे की अंत्यविधीच्या व्यावसायिकाने प्रत्येक गोष्टीचा दर सुटा द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा, आणि थेट दहनासाठी महागडी पेटी लागतेच असं खोटं बोलायचं नाही. ब्रिटनमध्ये 2021 पासून ठराविक नमुन्यातलं दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. तू राहतोस तिथे असा नियम असो वा नसो, सुटा दर मागायला कायदा लागत नाही.

आता थोडं कामाचं, कारण तुला नेमकं कुठे पैसे गेले तेच कळलेलं नाही.

देह टिकवण्याचं काम थंडी करते. फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण, म्हणजे तुझ्या बिलातलं ‘रसायन’, भरणं हा वेगळा उपाय आहे. देह विमानाने दुसऱ्या देशात न्यायचा असेल तर बहुधा त्याची गरज पडते. दोन-तीन दिवसांत दहन होणार असेल आणि शीतपेटी मिळाली असेल, तर त्या ओळीपाशी थांबून ‘का?’ एवढंच विचारायचं. शीतपेटी दिवसांवर आकारली जाते, म्हणजे कुणासाठी किती थांबायचं हा भावनेचा प्रश्न असला तरी त्याला रोजचा दर असतो. थांबू नकोस म्हणत नाही. दर माहीत असताना थांब. बंद भट्टीत साधारण 760 ते 980 अंश सेल्सिअस तापमान असतं, तास-दोन तासांत काम होतं. उघड्या चितेला काही शे किलो लाकूड आणि कितीतरी जास्त वेळ लागतो. देहाचं उरतं ते सारखंच, दोन-तीन किलोंच्या आसपास. महाग पेटी घातली तरी ती त्याच आगीत जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा समजली. देहाची व्यवस्था आणि माणसाची आठवण ही दोन कामं आहेत. एकाच दिवशी करायची आपल्याला सवय आहे, म्हणून बिलही एकच येतं. पहिलं काम घाईचं आहे. दुसऱ्याला घाई नाही. डेव्हिड बोवी 2016 मध्ये गेला तेव्हा त्याचं दहन कोणत्याही समारंभाशिवाय झालं. इतक्या मोठ्या गायकाला समारंभाचे पैसे कमी पडले असते का? तुम्हीही घरच्या चार माणसांत दहन करून, दोन महिन्यांनी सगळे शांत झाल्यावर, चुलतभावाच्या सोयीने, बाबांसाठी जमू शकला असता. तीन दिवसांची शीतपेटी, हॉल, पहिली फुलं, सगळं वाचलं असतं. जे विधी तुमच्या घरी त्याच दिवशी व्हावे लागतात ते करावेत, त्यात मी पडत नाही. त्यांनाही आकडा विचारावा, एवढंच.

देहदानाचा विचार आई करत असेल तर तेही चांगलं. पण संस्था ऐन वेळी नकार देऊ शकते, शवविच्छेदन झालेलं असेल, संसर्ग असेल, किंवा उशीर झाला असेल तर. म्हणून दुसरी व्यवस्थाही लिहून ठेवावी लागते.

आता माझी फुशारकी जिथे संपते ते सांगते. सांगणार नव्हते.

दादा गेला तेव्हा मी तयार होते. कागद-पेन घेऊन काउंटरवर उभी राहिले, ओळ न् ओळ विचारली. मामा मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘भावाच्या मढ्यावर घासाघीस करते आहे.’ मी वळून पाहिलं नाही. दोन ओळी उडवल्या, एक अर्ध्यावर आणली. परत आले तर भट्टीचं दार बंद झालेलं. दादा आत गेला होता. वहिनी भिंतीला टेकून एकटी उभी होती, आणि मला शोधत होती असं नंतर कुणीतरी सांगितलं. चाळीस मिनिटं मी काउंटरवर होते.

त्या वर्षी वहिनीच्या डोक्यावर एक पैशाचं कर्ज नव्हतं. मुलांची फी वेळेवर गेली. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता तुला सांगतानाही पाठ म्हटल्यासारखं वाटतं. मी चुकले नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा विचारेन. फक्त काउंटरवर उभं राहायला दुसऱ्याला पाठवेन. सगळ्यात जवळच्या माणसाने आकडा विचारायचा नसतो, त्याने आत, देहापाशी असायचं असतं. आणि खरं तर काउंटरवर विचारावं लागणं हेच उशिराचं आहे. विचारायची वेळ त्याच्या किती तरी आधी येते, घरात, एखाद्या साध्या संध्याकाळी, कुणीही आजारी नसताना.

तशी संध्याकाळ काल तुझ्याकडे आली होती. आईने स्वतः विषय काढला. माझ्या बाबांनी एकदाही काढला नाही. दादानेही नाही. ती बाई तुझ्यावरचे हप्ते मोजत बसली असणार, म्हणून बोलली. आणि तू ‘असं अभद्र बोलू नकोस’ या चेहऱ्याने उठलास. प्रेमापोटी उठलास, माहीत आहे. मीही काउंटरवर प्रेमापोटीच उभी होते.

परत जा त्या खोलीत. वही घे, तिला बोलू दे. काय नको ते ती आधी सांगेल, ते लिही. मग काय हवंच ते विचार. त्यात एखादी महाग गोष्ट निघाली तर ती कर, नियम तिच्या आड येत नाही. तिला पेसमेकर बसवला आहे, ते मोठ्या अक्षरांत लिही, दहनाआधी तो काढावा लागतो, नाहीतर बॅटरी आत फुटते. मृत्युपत्रातच सगळं लिहून मोकळे होऊ नका, ते बहुधा सगळं आटोपल्यावर उघडलं जातं. आणि एकट्याच्या नावावरचं खातं मृत्यू कळताच बँक थांबवते, तेव्हा पहिल्या दिवसाचे पैसे कुठून येणार, हे तिच्यासमोरच ठरव. मग सुट्टीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी फोन करून सुटे दर विचार आणि त्याच वहीत तारीख घालून उतरव. पहिल्या फोनला आवाज अडकेल. दुसऱ्याला कमी.

बाबांच्या बिलातलं ‘इतर’ अजूनही विचारता येतं. सोमवारी लेखी विचार. पैसे परत येतील असं नाही, पण विचार.

माझा कागद तयार आहे, कपाटात पावत्यांच्या फाइलवरच ठेवला आहे. काय करायचं, काय नाही, पैसे कुठे आहेत, सगळं एका पानावर. ‘काउंटरवर कोण जाईल’ या ओळीत गेल्या आठवड्यात तुझं नाव लिहिलं. बहिणीने आत राहावं अशी माझी इच्छा आहे. तुला विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते आहे. कागदाचा फोटो सोबत पाठवते. खाली खर्चाचा आकडा आहे, तो आधी वाच, मग हो म्हण.

तुझी,
मॅडम